खेळघरासाठी खेळणी घेताना: एका बटणाविषयी विनंती

ब-२०३ : सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या खेळघरासाठी घ्यायच्या खेळण्यांची यादी वाचली. ती मनापासून केलेली आहे, पण तिच्यातले एकही खेळणे माझ्या लेकीला स्वतः सुरू करता येणार नाही. हे खरेदी झाल्यावर सांगून उपयोग नाही, म्हणून आजच लिहीत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा राहत नाही. बोटांची चिमूट जुळत नसल्यामुळे खेळण्याच्या पोटाखालचे इवलेसे बटण तिला सरकवता येत नाही. उजवे कोपर मात्र ती हवे तेव्हा, हवे तिथे टेकवू शकते.

अ-४०१ : ताई, हे आमच्या लक्षातच आले नाही, याचे वाईट वाटते. तिच्यासाठी एक वेगळा कोपरा करून तिथे खास खेळणी ठेवली तर चालेल का?

ब-२०३ : काका, आपण आपुलकीने सुचवलेत, पण वेगळा कोपरा नको. तिथे शेवटी ती आणि मी अशा दोघीच बसू. घरी बुडबुडे सोडणारे एक साधे यंत्र आहे. त्याला आम्ही तळहाताएवढे मोठे बटण जोडून घेतले. पहिल्या दिवशी तिने कोपर टेकवले आणि बुडबुडे आले. कोपर उचलले आणि ते थांबले. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी ती बुडबुड्यांकडे पाहतच नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहत होती, कारण हे आपण करतो आहोत हे तिला कळले होते. त्याआधी दोन वर्षे तेच यंत्र मी तिच्यासमोर लावत असे, आणि ती खेळते आहे असे समजत असे.

क-१०२ : ताई, हे काम मी करून देईन. सेलवर चालणाऱ्या बहुतेक साध्या खेळण्यांत सेल आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये तांब्याच्या दोन पातळ चकत्या बसवायच्या, त्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायचा, प्रत्येक चकतीला एक तार डाग देऊन जोडायची आणि तारांच्या टोकांना ३.५ मिलिमीटरचे, म्हणजे इअरफोनच्या पिनेच्या मापाचे, सॉकेट लावायचे. खेळण्याचे मूळ बटण चालूच ठेवायचे. मग त्या सॉकेटमध्ये जोडलेले मोठे बटण दाबले की वीजमार्ग पूर्ण होतो. एकदा दाबल्यावर एक गाणे म्हणून थांबणाऱ्या खेळण्यांना मात्र ही युक्ती चालत नाही. ती उघडून आतल्या बटणाच्या दोन टोकांनाच तारा जोडाव्या लागतात. चपट्या गोल सेलची खेळणी शक्यतो घेऊच नयेत, कारण तो सेल गिळला गेल्यास अन्ननलिका काही तासांत भाजते.

अ-५०२ : अंगणाचाही विचार याच वेळी व्हावा. सुट्या वाळूत आणि खड्यांत व्हीलचेअरची चाके रुततात, त्यामुळे झोपाळा कितीही चांगला असला तरी मूल त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी लागेल. वाळू मेजाच्या उंचीवर ठेवून खाली गुडघे जातील एवढी जागा सोडली, तर उभे असलेले आणि बसलेले मूल समोरासमोर खेळू शकते. ही मेहेरबानी नव्हे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, तिसाव्या कलमात, इतर मुलांच्या बरोबरीने खेळात भाग घेण्याचा उल्लेख स्पष्ट आहे.

अ-४०१ : वेगळ्या कोपऱ्याची सूचना मी मागे घेतो. मुलांना आधी काय सांगून ठेवावे?

ब-२०३ : काका, दोनच गोष्टी सांगाव्यात. तिचा हात धरून बटण दाबू नये, आणि तिला वेळ द्यावा. मनात आल्यापासून कोपर टेकेपर्यंत तिला कधी कधी दहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात कोणी मदतीला धावले की तिचे दाबणे वायाच जाते. संगीत खुर्चीत गाण्याचे बटण तिच्याकडे दिले तर सगळ्यांचे कान तिच्या कोपराकडे लागतील. मात्र ते काम कायमचे तिच्याच गळ्यात पडू नये. तिला खुर्चीसाठीही धावायचे असते, तेव्हा तिची व्हीलचेअर कोणीतरी ढकलावी.

क-१०२ : रविवारी संध्याकाळी खेळघरात बसतो. प्रत्येकाने घरातले सेलवर चालणारे एक खेळणे आणावे. ताई, लेकीला नक्की आणा. बटण कोणत्या उंचीवर बसवायचे ते तिचे कोपर पाहूनच ठरवावे लागेल.