शब्दचर्चा : ‘लॉकआउट’ला ‘संप’ म्हणावं का?

शंका : अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक लीगवर लेख लिहितोय (फुटबॉल म्हणजे तिथला, चेंडू हातात घेऊन धावायचा). २०११ साली तिथे संघांचे मालक आणि खेळाडू यांच्यात साडेचार महिने तंटा चालला होता. इंग्रजीत त्याला लॉकआउट म्हणतात. मी ‘खेळाडूंचा संप’ असं लिहिलं, तर मित्राने हटकलं. ‘टाळेबंदी’ लिहावं तर लोकांना करोनाच आठवेल. काय करू?

प्रतिसाद : मित्राचं बरोबर आहे. २०११ मध्ये खेळाडूंनी संप केलाच नव्हता. ते खेळायला तयार होते, दार मालकांनी बंद केलं. संप कामगार करतात, टाळेबंदी मालक करतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दोन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या होत्या. कामगारांनी एकजुटीने काम थांबवलं तर तो संप. मालकाने कामाची जागा तात्पुरती बंद केली, काम थांबवलं किंवा असलेल्या माणसांना कामावर ठेवायला नकार दिला, तर ती टाळेबंदी. ‘तात्पुरती’ हा शब्द सोडू नका. कायमचं बंद झालं की त्याला टाळेबंदी म्हणत नाहीत, ‘कंपनी बंद पडली’ म्हणतात.

मला हा फरक व्याख्या वाचायच्या आधीच कळला होता. मी सातवीत असताना वडील ठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होते. एका सकाळी ते पहिल्या पाळीला गेले आणि नऊच्या आत परत आले. आईने डबा उचलून बघितला, तो भरलेलाच होता. गेटला साखळी आणि भलंमोठं कुलूप, शेजारी टाइप केलेली नोटीस, आणि रोज हात वर करून ‘या’ म्हणणारा वॉचमन जाळीच्या पलीकडे मान खाली घालून बसलेला. शेजारचे काका म्हणाले, “काय, संपावर का?” वडील एरवी कधी आवाज चढवायचे नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, “आम्ही नाही हो, त्यांनी टाळं ठोकलंय.” घराला आपण कुलूप लावतो, टाळं मात्र ठोकलं जातं. क्रियापद बदललं की टाळं कोणाच्या बाजूने पडलंय ते कळतं.

आता २०११ चं प्रकरण. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला करार २००६ चा. २००८ मध्ये मालकांनी त्यातून मुदतीआधी बाहेर पडायचं ठरवलं. लीगचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ९ अब्ज डॉलर. त्यातले जवळजवळ १ अब्ज मालक खर्चापोटी आधीच बाजूला काढायचे आणि उरलेल्याची वाटणी व्हायची. आता त्यांना आणखी १ अब्ज बाजूला हवे होते. शिवाय हंगाम १६ ऐवजी १८ सामन्यांचा करायचा होता. संघटनेच्या हिशेबाने खेळाडूची सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नसते. तिथे दोन सामने वाढवणं म्हणजे गुडघे, खांदे आणि डोकी आणखी झिजवणं.

खेळाडूंचं म्हणणं सरळ होतं : तोटा होतोय म्हणता, तर दहा वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दाखवा. मालकांनी ते पूर्ण दाखवले नाहीत. इथे मराठीत दोन शब्द शेजारी येतात, ताळेबंद आणि टाळेबंदी. लिहिताना ‘त’चा ‘ट’ होऊ देऊ नका. ताळेबंद उघडला असता तर कदाचित टाळेबंदीची वेळ आली नसती, असं माझं मत आहे.

११ मार्च २०११ ला संघटनेने स्वतःचा ‘संघटना’ हा कायदेशीर दर्जा सोडला, म्हणजे खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याखाली वैयक्तिक दावा लावता यावा. टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग, ड्रू ब्रीज ही दाव्यातली ठळक नावं. दुसऱ्या दिवशी मालकांनी टाळेबंदी जाहीर केली. मग प्रशिक्षकांशी बोलायचं नाही, संघाच्या व्यायामशाळेत पाऊल टाकायचं नाही. खेळाडू आपापसात ठरवून मिळेल त्या मैदानावर सराव करायचे. एप्रिलअखेर मिनेसोटातल्या न्यायाधीश सुझन नेल्सन यांनी टाळेबंदी उठवायचा आदेश दिला. २९ तारखेला दारं उघडली, खेळाडूंना डावपेचांच्या वह्या मिळाल्या, आणि त्याच दिवशी वरच्या कोर्टाची स्थगिती येऊन दारं पुन्हा बंद झाली. अखेर २५ जुलैला दहा वर्षांचा करार झाला. खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा साधारण ४७ टक्क्यांवर आला, १८ सामन्यांचा बेत तेव्हा मागे पडला, आणि एका प्रदर्शनीय सामन्यापलीकडे काही रद्द झालं नाही. या सगळ्याला ‘खेळाडूंचा संप’ म्हटलं, तर ज्यांच्या तोंडावर दार बंद झालं त्यांच्याच माथी तुम्ही बंद मारताय.

शंका : मग एनएफएलच्या खेळाडूंनी संप कधीच केला नाही? आणि हिंदीतल्यासारखं ‘हरताळ’ चालेल का?

प्रतिसाद : केला ना. १९८२ मध्ये ५७ दिवस. १६ सामन्यांचा हंगाम ९ वर आला. (त्याच वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईच्या गिरण्या संपावर होत्या.) पुन्हा १९८७ मध्ये २४ दिवस. त्या वेळी मालकांनी भलतेच खेळाडू उभे करून तीन आठवडे सामने उरकले, आणि जो मोंटानासारखा नावाजलेला खेळाडूही संप मोडून मैदानात उतरला. अशांना ‘बदली खेळाडू’ लिहू नका. क्रिकेटमुळे तो शब्द साधा झालाय, आणि गिरणगावात ‘बदली’ म्हणजे कायम कामगाराच्या गैरहजेरीत हक्काने भरला जाणारा माणूस. त्यात कमीपणा काही नव्हता. इथे शब्द हवा ‘संपफोडे’. २०१२ मध्ये मात्र लीगने पंचांवर टाळेबंदी लादली आणि दुसरे पंच आणले. सिएटलच्या सामन्यात शेवटच्या चेंडूचा निकाल त्यांनी असा दिला की गदारोळ झाला, आणि दोन-तीन दिवसांत जुन्या पंचांशी समझोता झाला. त्या पंचांना मी ‘तात्पुरते पंच’ म्हणेन. संपच नव्हता, तर फोडणार काय?

‘हरताळ’ नको. बाजारपेठ बंद ठेवण्याचा तो शब्द. हाट आणि ताळं यांतून आलेला, म्हणजे त्यातही कुलूप आहेच, पण ते दुकानदार स्वतःच्याच दुकानाला लावतो. शिवाय मराठी वाचकाच्या कानात ‘हरताळ फासणे’ वाजतं. तो हरताळ निराळा, पिवळा खनिज रंग. पोथीतली चुकलेली अक्षरं झाकायला तो फासत.

राहिला करोना. २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी लॉकडाउनला ‘टाळेबंदी’ म्हटलं आणि घोळ झाला. लॉकडाउनमध्ये माणसं आत राहतात, लॉकआउटमध्ये बाहेर. मी लॉकडाउनला लॉकडाउनच म्हणतो. टाळेबंदी हा कामगारांचा शब्द आहे, तो त्यांच्याकडेच राहू द्या. लेखात पहिल्यांदा ‘मालकांनी लादलेली टाळेबंदी’ असं लिहा, पुढे नुसतं ‘टाळेबंदी’ पुरेल.