प्रति: मोनेरोसाठी स्वस्तातलं ट्रेझर वन चालेल का?

नाही चालणार. ट्रेझर वन या हार्डवेअर वॉलेटवर (क्रिप्टोच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारं छोटं यंत्र) मोनेरो हे प्रायव्हसी जपणारं क्रिप्टोचलनच नाही. ट्रेझरचीच मॉडेल टी, सेफ ३ किंवा सेफ ५ बघा. त्यातही सेफ ३ खिशाला परवडतं.

वर कुणीतरी लेजर हे दुसऱ्या कंपनीचं वॉलेट सुचवलंय. त्याच्या मोनेरो ॲपचा कोड सगळ्यांना खुला (ओपन सोर्स) आहे, पण खालची ऑपरेटिंग सिस्टीम बंदिस्त. तुमची अट पूर्ण ओपन सोर्सची असेल तर ते तिथंच बाद होतं. अर्थात ओपन सोर्स म्हणजे अभेद्य नव्हे. २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या सुरक्षा टीमने ट्रेझर वन आणि मॉडेल टी हातात घेऊन, चिपच्या व्होल्टेजशी खेळून सीड (ज्यातून सगळ्या किल्ल्या तयार होतात ते गुप्त शब्द) बाहेर काढून दाखवलं होतं. त्यामुळे पासफ्रेज (सीडला जोडायचा तुमचा जादा गुप्त शब्द) लावाच, आणि तो यंत्रासोबत एकाच कपाटात ठेवू नका!

आता ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते. खर्च करायची किल्ली यंत्रातच राहते, पण ब्लॉकचेन चाळायला व्ह्यू की (फक्त जमा पाहू देणारी किल्ली) संगणकाकडे जाते. म्हणजे लॅपटॉपमध्ये कीड (मालवेअर) असेल तर पैसे सुरक्षित, पण तुमच्याकडे काय जमा होतंय हे तिला दिसणार. प्रायव्हसीसाठीच मोनेरो घेणाऱ्याला हे कसं चालेल? म्हणून स्वच्छ लिनक्स आणि जमल्यास स्वतःचा नोड (ब्लॉकचेनची प्रत ठेवणारा संगणक), यांवर आधी खर्च करा.

ट्रेझर सूट या कंपनीच्या ॲपमध्ये मोनेरो शोधत बसू नका. फेदर हे वॉलेट ॲप किंवा मोनेरोचं अधिकृत जीयूआय वॉलेट वापरा. मला फेदर सुटसुटीत वाटतं.