मदत हवी आहे: ७० टक्के काम एकाच कंपनीचं आणि तिथेच पैसे अडकलेत

जॉबवर्क_भोसरी:
जॉबवर्कचं वर्कशॉप: दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशिन), एक सीएनसी लेथ, सात कामगार. मोठ्या कंपनीकडे १८ लाख थकलेत, त्यातले ७ लाख ९० दिवसांवरचे. महिन्याचा बांधील खर्च: पगार १.६ लाख, मशिनचा हप्ता ९० हजार, भाडं ४५ हजार, वीज ४० हजार. सीसी (बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा) संपत आली आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) आहे. वसुलीची नोटीस दिली तर काम जाईल. सुरुवात कुठून करू?

ताळेबंद:
बँकेपासून. ९० दिवसांवरची येणी बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल त्या हिशोबात, धरत नाहीत. मार्जिन (येण्यांतला बँक कर्ज देत नाही तो हिस्सा) २५ टक्के असेल, तर त्या ७ लाखांमुळे सव्वापाच लाखांची उचल कमी होते. हे बँकेला स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येण्यांचा तक्ता) देताना कळण्यापेक्षा आजच शाखेत जाऊन बोला. हप्ता थकण्याआधी गेलात तर ऐकून घेतात, चेक परतल्यावर सूर बदलतो.

पुढच्या १३ आठवड्यांच्या जमा-खर्चाचा तक्ता करा. कंपनीच्या नुसत्या आश्वासनावर त्यात जमा धरू नका. बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, जीएसटी भरावाच लागतो. तो आधी बाजूला काढा.

वसुलीवाला:
नोटीस शेवटी. आधी कंपनीकडून लेजर (तुमच्या खात्याचा उतारा) मागवून बिलागणिक जुळवा. बरीच बिलं अकाउंट्समध्ये पोचलेलीच नसतात: जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) निघालेला नसतो, पीओतला (खरेदी ऑर्डरमधला) दर जुना असतो किंवा रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालाची वजावट) लटकलेली असते. चलनावर नुसता गेटचा शिक्का पुरत नाही, स्टोअरची सही बघा. मग बाकी ईमेलवर कबूल करून घ्या. उद्या लघुउद्योगांच्या थकबाकीच्या सरकारी तक्रार पोर्टलवर जायची वेळ आली तर तोच पुरावा.

एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या वर नाही, करार नसेल तर १५. त्यानंतर बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. पण व्याजापेक्षा आयकराची एक तरतूद (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) जास्त चालते: सूक्ष्म-लघु उद्योगाचं मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला थकीत राहिलं, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी करपात्र नफ्यातून वजा मिळत नाही. बिलावर उद्यम नंबर छापा, फेब्रुवारीत आठवण द्या.

जॉबवर्क_भोसरी:
आणि नवीन माल? थांबवू का?

वसुलीवाला:
एकदम नको, कंपनीची उत्पादन लाइन थांबली तर वाद तुमच्यावर येईल. उधारीला १८ लाखांची कमाल मर्यादा घाला: सर्वांत जुनं बिल सुटलं की तेवढ्याच रकमेचा पुढचा लॉट. लेथ मात्र आत्ताच दुसऱ्या गिऱ्हाइकांसाठी मोकळा करा, छोट्या लॉटला त्याचं सेटिंग लवकर बदलतं.