कॉफी घालून केळ्याची स्मूदी घरी पाणचट का होतेय?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधनं उतरलेली दाट कोरी कॉफी, घालून केळ्याची स्मूदी करायलोय पण कॅफेत मिळते तशी दाट काय होईना. डिकॉक्शन, दूध, केळं, बर्फ सगळं मिक्सरला लावतोय, पहिले दोन घोट बरे लागतात नि खाली नुसतं कॉफीचं पाणी. परवा अननस घातला तर कडूच झालं सगळं. उन्हाळा सुरू झालाय, घरात सगळेच रोज मागायलेत, आठवीतली पोरगी पण. कुणीतरी नीट सांगा की.

खानापूर_जवारी
दादा आधी बर्फ बंद करा, तो वितळला की पाणीच होणार. डिकॉक्शन गार करून बर्फाच्या ट्रेत ओता आणि केळ्याच्या चकत्या डब्यात सुट्या पसरून, दोन्ही रात्रभर फ्रीझरला. सकाळी दोन केळ्यांच्या चकत्या, कॉफीचे चार खडे, पाऊण कप थंड दूध, बास. केळं सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या, त्यातल्या स्टार्चची साखर झालेली असते मग वरनं घालायला लागत नाही. मिक्सर सलग फिरवू नका, विपवर दोनतीनदा फिरवायचा, मग बंद करून चमच्यानं खाली ढकलायचं नि परत. गोठलेल्या चकत्या पात्याखाली अडकल्या की मोटर तापते. आणि डिकॉक्शन गरम असताना मिक्सरला कधीच लावू नका, वाफेनं झाकण उडतंय, भाजून घ्याल.

शहापूर_स्वयंपाकघर
अननसाचं मी सांगते. कच्च्या अननसात ब्रोमेलेन असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतंय म्हणून कडू लागतंय. पपईत पपेन असतं, तिचंही तसंच. शिजवला की ब्रोमेलेन जातंय पण आंबटपणा राहतोच, मग कॉफीबरोबर कशाला! त्यापेक्षा चिकू घाला भाऊ, चिकू आणि कॉफीची जोडी केळ्यापेक्षा भारी लागते हे माझं ठाम मत. पण चांगला पिकलेला, बोटानं दाबला की दबणारा, कच्चट असला तर तोंड आवळतंय. बिया मोजून काढा, त्यांना एका बाजूला आकड्यासारखं टोक असतंय, एक जरी राहिली तरी घशात टोचते.

निपाणी_७७
आमच्या आईला दूध-केळं एकत्र चालत नाही, विरुद्ध आहार म्हणते. आयुर्वेदात तसं सांगितलंय खरं, पण शिकरण आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोयच की. ज्यांना नको वाटतं त्यांनी नारळाचं दूध घाला, छान लागतंय.
पोरीला मात्र कॉफी नको, तिला चिकू-खजूर-दूध द्या. मोठ्यांचं पण बघा, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२४ च्या आहार मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनच्या वर जाऊ नका म्हटलंय, आणि फिल्टर कॉफीच्या १५० मिलीच्या एका कपात ८० ते १२० जातंय. सकाळची कॉफी, दुपारी स्मूदी, संध्याकाळी चहा, लगेच भरतंय बघा.

टिळकवाडीकर
लई उपकार झाले सगळ्यांचे. पावडर आमची चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिक्स आहे, चालेल ना?

खानापूर_जवारी
चालतंय की, पण पाकिटावर टक्के बघून घ्या. चिकोरीत कॅफिन नसतं, ती रंग नि घट्टपणा देते, जास्त असली की थंडात कडवटपणा वर येतोय. ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी असेल तर बरं. आणि डिकॉक्शन पहिलं उतरलेलंच गोठवा, दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेलं फळात हरवून जातंय.