मदत हवी: बीएस्सीला मायक्रो की बायोटेक? उद्या शेवटची तारीख

तापीकाठ: बहिणीसाठी विचारतेय. मायक्रो (सूक्ष्मजीवशास्त्र) घ्यावं की बायोटेक (जैवतंत्रज्ञान)? कॉलेजात दोन्ही आहे. पटकन सांगा.

सातपुडा_पायथा: ताई, एवढ्यावरून काय सांगणार? बारावीला गणित होतं का? पुढे नोकरी की एमएस्सी?

तापीकाठ: पीसीबी, गणित नव्हतं. गाव यावल. लॅबमध्ये नोकरी हवी.

सातपुडा_पायथा: कोणती लॅब? रक्त-लघवी तपासायची असेल तर दोन्ही उपयोगाचं नाही, तिथे डीएमएलटी नाहीतर बीएमएलटी (मेडिकल लॅबचा डिप्लोमा किंवा पदवी) लागतं.

तापीकाठ: नाही, कारखान्यातली. औषधांची वगैरे.

अगार_प्लेट: मग मायक्रोच. क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात, रोजचं काम म्हणजे मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) बनवणं, ऑटोक्लेव्ह लावणं (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणं: १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं) आणि जंतूंच्या कॉलन्या मोजणं. फॉर्म भरण्याआधी एक करा. ग्रॅम स्टेनिंग (जंतू रंगवून ओळखणं) प्रत्येकीला स्वतःच्या हाताने करायला मिळतं का, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा, सरांना नको. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, शेवटी सॅफ्रॅनिन. अल्कोहोल थोडा जास्त वेळ राहिला की जांभळे दिसायला हवेत ते जंतू गुलाबी दिसतात. टेबलाभोवती दहा जणींनी उभं राहून हे शिकता येत नाही. तुकडी अनुदानित आहे का तेही विचारा, फीमध्ये खूप फरक पडतो.

केळीबाग_रावेर: यावलला राहून मायक्रो कशाला भो? बीएस्सी ॲग्री करा. आपल्याकडे केळीच्या टिश्यू कल्चर रोपांना केवढी मागणी आहे!

सातपुडा_पायथा: ॲग्रीला सीईटी लागते भाऊ. आणि ते विचारलंय कुठे?

केळीबाग_रावेर: मग बायोटेक घ्या. रोपं बाटलीत जोमदार दिसतात, मरतात हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावताना. बाटलीतल्या ओलाव्यात पानावर मेणाचा थर नीट धरत नाही, बाहेर काढलं की पान सुकतं. हे कळणारी माणसं हवीत.

सातपुडा_पायथा: आयआयटीत एमएस्सी बायोटेक करायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्या पेपरात बारावीचं गणितही येतं, म्हणून मघाशी विचारलं.

जुनं_ते_बीएस्सी: दोन्ही नको. वनस्पती-प्राणी-रसायन घ्या. यूपीएससीच्या वनसेवेला पदवीचे जे विषय चालतात त्या यादीत वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र आहे, मायक्रो आणि बायोटेक नाही.

अगार_प्लेट: त्याच यादीत रसायनशास्त्रही आहे. शिवाय वनसेवेचं तिने काढलंच नाही. एमएस्सीचं मनात आलंच तर जळगावला उमवि (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) कॅम्पसवर मायक्रो, बायोकेम, बायोटेक तिन्ही आहेत. तीन वर्षांच्या पदवीवर एमएस्सी दोन वर्षांची, चौथं वर्ष ऑनर्सचं केलं तर एकच वर्षाची.

तापीकाठ: सीईटी दिलेली नाही. मायक्रो भरतेय. मायनरला (दुय्यम विषयाला) रसायनशास्त्र आणि वनस्पतीशास्त्र दिसतंय, कोणतं टाकू?

अगार_प्लेट: रसायनशास्त्र. क्यूसीत टायट्रेशन, पीएच, एचपीएलसी अशा रासायनिक तपासण्याही असतात. मायक्रोची जागा निघाली नाही तर तिकडे अर्ज टाकता येतो.