लिनक्सवरची रेपो विंडोजवर क्लोन करताना ‘इनव्हॅलिड पाथ’, शिवाय हात न लावलेली फाइल ‘मॉडिफाइड’

प्रश्न

लिनक्सवर वाढलेली एक गिट रेपो (कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवणारा फोल्डर) विंडोज ११ वर क्लोन करून, म्हणजे तिची पूर्ण प्रत उतरवून, हवी आहे. ऑब्जेक्ट सगळे उतरतात, पण शेवटी ‘इनव्हॅलिड पाथ’ येतं आणि त्याखाली ‘क्लोन सक्सीडेड, बट चेकआउट फेल्ड’ (चेकआउट म्हणजे फायली प्रत्यक्ष डिस्कवर काढणं). अडणारी फाइल ‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये आहे, नाव ‘लॉग-१०:३०.टीएक्सटी’ अशा धर्तीचं. दुसऱ्या ब्रँचचा चेकआउट होतो, पण गिट स्टेटस लगेच एक फाइल मॉडिफाइड दाखवतं. ती रिस्टोअर केली की तिच्याच नावाची दुसरी मॉडिफाइड होते. ऑटो-सीआरएलएफ (ओळ संपवण्याची चिन्हं आपोआप बदलणारं सेटिंग) बंद करून फरक पडत नाही. काम विंडोजवरच करायचंय. उपाय काय?

उत्तर १

हे दोन वेगळे घोळ आहेत. मी पहिल्याचं सांगतो.

विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिममध्ये कोलनला स्वतःचा अर्थ आहे: त्याच्या आधी फाइलचं नाव, नंतर आतल्या स्ट्रीमचं (त्याच फाइलला जोडलेला, एरवी न दिसणारा मजकूर). गिटने ते नाव जाऊ दिलं असतं तर ‘लॉग-१०’ नावाची शून्य बाइटची फाइल दिसली असती आणि मजकूर त्या आतल्या स्ट्रीममध्ये गडप झाला असता. म्हणून गिट आधीच अडवतं. प्रश्नचिन्ह, तारांकन, उभी रेघ, दुहेरी अवतरण, लहान-मोठेपणाची चिन्हं आणि बॅकस्लॅशही चालत नाहीत. शेवटी टिंब किंवा स्पेस असलेलं नावही नाही. जुनी डिव्हाइस नावं वेगळीच: कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१ ते ९, एलपीटी१ ते ९. एक्स्टेन्शन लावून सुटका होत नाही. लिनक्स कर्नलच्या नूव्हो या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ‘ऑक्स.सी’ आहे, तीही इथे अडते.

पुश करायचा हक्क असेल तर नाव बदलणं हाच खरा उपाय. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स), तिथल्या होम फोल्डरमध्ये क्लोन करा, गिट एमव्हीने नाव बदला, कमिट, पुश. ‘/एमएनटी/सी’, म्हणजे विंडोजच्या सी ड्राइव्ह, खाली करू नका. तिथे कोलनच्या जागी खासगी युनिकोड चिन्ह घालून नाव लिहिलं जातं आणि विंडोजच्या बाजूने ते भलतंच दिसतं. जुने कमिट मात्र अडतच राहतील. तेही हवे असतील तर फिल्टर-रेपो या टूलने इतिहास बदलावा लागेल, म्हणजे सगळे हॅश (कमिटचे ओळखक्रमांक) बदलणार.

हक्क नसेल तर अडणारा फोल्डर वगळून बाकीचं उतरवा (स्पार्स चेकआउट): ‘गिट क्लोन --नो-चेकआउट’, फोल्डरमध्ये शिरून ‘गिट कॉन्फिग कोअर.प्रोटेक्टएनटीएफएस फॉल्स’, मग ‘गिट स्पार्स-चेकआउट इनिट --नो-कोन’. आता ‘.गिट/इन्फो/स्पार्स-चेकआउट’ ही फाइल एडिटरमध्ये उघडा. पहिली ओळ ‘/*’, दुसरी ‘!/लॉग्ज/’, बाकी काही ठेवू नका. शेवटी ब्रँचचा चेकआउट. पॅटर्न कमांडमधून देऊ नका, कारण गिट बॅश स्लॅशने सुरू होणारं आर्ग्युमेंट विंडोजचा पाथ समजून बदलून टाकतो. प्रोटेक्टएनटीएफएस चुकूनही ‘--ग्लोबल’ बंद करू नका. ‘.गिट’चं सोंग घेणाऱ्या नावांपासूनचं संरक्षणही त्यातच आहे, त्यामुळे हे फक्त विश्वासाच्या रेपोत.

उत्तर २

दुसरा घोळ कॅपिटल-स्मॉलचा. लिनक्स कर्नलमध्ये ‘एक्सटी_कनमार्क.एच’ दोनदा आहे, एकदा ‘कनमार्क’ कॅपिटलमध्ये, एकदा स्मॉलमध्ये. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमवर त्या दोन फायली. एनटीएफएस आणि मॅकच्या नेहमीच्या एपीएफएसवर जागा एकच. जी नंतर लिहिली जाते ती उरते, दुसरी बदललेली वाटते. गिट २.२० पासून क्लोन करतानाच ‘पाथ्स हॅव कोलायडेड’ अशी वॉर्निंग येते, पण ती वाचतो कोण!

‘कोअर.इग्नोरकेस फॉल्स’ करा असा सल्ला सर्रास मिळतो. करू नका. ते सेटिंग डिस्कचा स्वभाव बदलत नाही, गिटला फक्त चुकीची माहिती देतं. पुढे एकाच फाइलची दोन नावं इंडेक्समध्ये (गिटच्या फायलींच्या यादीत) घुसतात.

दोन्ही फायली खरंच लागत असतील तर रिकामा फोल्डर करून त्यावर ‘एफएसयूटिल फाइल सेटकेससेन्सिटिव्हइन्फो <फोल्डर> एनेबल’ चालवा आणि क्लोन त्याच्या आत करा. नवे सबफोल्डर तो गुण उचलतात, आधीचे नाही. मॅकवर केस-सेन्सिटिव्ह एपीएफएसची डिस्क इमेज. नुसतं फोल्डरचं केस बदलायचं असेल तर गिट एमव्ही दोन टप्प्यांत: आधी तात्पुरतं नाव, मग हवं ते.

उत्तर ३

मॅकवाले टीममध्ये असतील तर नावांतलं युनिकोडही बघा, मराठी नावं असतील तर नक्कीच. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ एकसंध यू+०९३१ असू शकतो किंवा र अधिक नुक्ता. दिसायला सारखेच, बाइट वेगळे. मॅकचा जुना एचएफएस+ नाव लिहितानाच एकसंध ‘ऱ’ फोडायचा. एपीएफएस दिलं तसं ठेवतो. मॅकवर ‘कोअर.प्रीकंपोजयुनिकोड ट्रू’ हवं. एरवी कोणाच्या तरी मशीनवर तीच फाइल अनट्रॅक्ड (गिटला अनोळखी) दिसत राहते.

आणि हे सगळं सीआयमध्येच (पुश झाल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) पकडा. ‘गिट एलएस-फाइल्स’चं आउटपुट ‘सॉर्ट -एफ’ आणि मग ‘युनिक -डीआय’मधून काढलं की टकरावणारी नावं मिळतात. फक्त फोल्डरच्या केसमध्ये फरक आणि आतल्या फायली वेगळ्या असतील तर यात सापडणार नाही. आधी ‘कोअर.कोटपाथ फॉल्स’ करा, नाहीतर देवनागरी नावांऐवजी ‘\३४०\२४४’ अशी रांग दिसेल. प्री-कमिट (कमिटआधी तपासण्या चालवणारं टूल) वापरत असाल तर ‘चेक-केस-कॉन्फ्लिक्ट’ आणि ‘चेक-इल्लीगल-विंडोज-नेम्स’ हे दोन हुक तयारच आहेत.

प्रश्नकर्ता

स्पार्सने पहिली ब्रँच निघाली. जुळ्या फायलींपैकी स्मॉलवाली कुठेच इन्क्लूड होत नाहीये, ती काढायची विनंती पाठवतो. तीनशे अक्षरांचे पाथही दिसतायत, ते पुढे अडतील का?

उत्तर १

विंडोजची मर्यादा २६० ची आहे, त्यामुळे अडतील. ‘कोअर.लाँगपाथ्स ट्रू’ केलं की गिट लिहील, पण सगळे एडिटर आणि बिल्ड टूल त्या फायली उघडतीलच असं नाही. रेपो ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा.