मदत हवी आहे: टेम्पो ट्रॅव्हलर फेरीबोटीत घेतात का?

डिसेंबरात आम्ही नऊजण फोंड्याहून जुनी बंदरं बघत दाभोळपर्यंत जाणार आहोत. वाटेत वेंगुर्ल्याची डच वखार, मालवण, विजयदुर्ग, राजापूर; शेवटी दाभोळची अंडा मशीद. पाच दिवस आहेत. टूरवाल्यांना विचारलं, पण सगळे देवदर्शन आणि बीचच देतात, म्हणून १३ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर चालकासह ठरवतोय. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे सिंधुदुर्गाची होडी तिला नको. विजयदुर्गाला होडी लागत नाही, ते फार बरं. मुक्काम मालवण, राजापूर, गुहागर असे ठरलेत.

अडलंय खाड्यांवर. चिपळूणमार्गे वळसा घातला तर दाभोळला वेळच उरणार नाही. जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ या फेरीबोटींत एवढी गाडी घेतात का, आणि ओहोटीला चढवताना ती खालून घासते का?